पाहुणा किती वर्षं राहतो?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे गृहस्थ मूळचे टांझानियातल्या दार-ए-सलामचे (पुढे नुसतं 'दार'). २०१२ मध्ये विसाव्या वर्षी पुण्यात शिकायला आले आणि इथेच राहिले. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात नोकरी, पत्नी सातारा जिल्ह्यातली, मुलगी सात वर्षांची. मध्यंतरी सोसायटीतून एक सायकल चोरीला गेली. एका निवृत्त इंजिनीअरने ग्रुपवर लिहिलं, "त्या नायजेरियनला विचारा." यांनी उत्तर दिलं, "मी नायजेरियन नाही, टांझानियाचा आहे." दोन दिवसांनी सायकल बी विंगच्या पार्किंगमध्ये सापडली, पण मेसेज कुणी मागे घेतला नाही. तीन शेजाऱ्यांनी खासगीत "वाईट वाटलं" असं कळवलं, ग्रुपवर मात्र कुणी अक्षर काढलं नाही. आता घरमालक करार वाढवायला तयार नाही. नवं घर बघायला पत्नी एकटी वर जाते आणि हे खाली स्कूटरपाशी थांबतात. एके संध्याकाळी मुलीने बाथरूमचं दार लावून अंगभर पावडर थापून घेतली. पत्नी म्हणते, लोक अडाणी आहेत, मनावर घेऊ नकोस. दारमधला भाऊ म्हणतो, परत ये, माझ्या धंद्यात ये. हे विचारतात, "मी इथे पाहुणा आहे. पाहुण्याने तक्रार करावी, की गुपचूप निघून जावं?" ता.क. मध्ये आणखी एक प्रश्न आहे. सासरे गावात यांची ओळख "आमचं पाव्हणं" अशी करून देतात. त्याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, हे यांना अजून कळलेलं नाही.

नमस्कार.

"शुद्धलेखन पत्नीने तपासलं आहे, मजकूर माझाच आहे," असं तुम्ही पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलंत. ते लिहावंसं का वाटलं, तिथूनच सुरू करू या. (शुद्धलेखनाचं म्हणाल तर पुण्यात सात पिढ्या काढलेल्यांची पत्रंही मी वाचते. तुम्ही निर्धास्त असा.) तेरा वर्षं इथे राहून, इथल्या मुलीशी संसार करून, आपलं मराठी आपलंच आहे याचाही दाखला तुम्ही आपणहून जोडता. कुणी मागितला नव्हता, तरी. मला पत्रातली सायकल जितकी खटकली, तितकंच हे खटकलं.

तुमच्या पत्रात 'पाहुणा' हा शब्द सहा वेळा आला आहे. मोजला मी.

आपल्याकडे पाहुण्याचं कौतुक फार, पण पाहुणेपणाला अटीही असतात. आमटी खारट झाली तरी 'छान झालीय' म्हणायचं, घरातल्या भांडणात पडायचं नाही आणि निघायच्या दिवशी निघायचं. तुम्ही या तिन्ही अटी तेरा वर्षं पाळत आलात, शेवटची सोडून. पण पाहुणा अनामत भरत नाही. पाहुण्याच्या पगारातून प्राप्तिकर कापला जात नाही. गणपतीची वर्गणी मागायला मुलं तुमच्या दारात येतात, तेव्हा 'हे पाहुणे आहेत, यांचं राहू दे' असं म्हणून परत जातात का?

विसाव्या वर्षी आलात तेव्हा हा शब्द तुम्हाला छत्रीसारखा उपयोगी पडला असणार. कुणी रिक्षातून 'ए काळ्या' ओरडलं, की मनात म्हणायचं, चार वर्षांचा तर प्रश्न आहे. आता त्याच शब्दाचा तोंडाला बांधायचा रुमाल झाला आहे. लिफ्टमध्ये आधी तुम्हीच 'नमस्कार काका' म्हणता. रात्री दहानंतर फोनवर बोलत नाही. तुमच्या देशातल्या मित्रांना घरी बोलावणं बंद केलंत, कारण चार जण जमले की खालून वॉचमन येतो. यातलं काहीच वाईट नाही, पण हे सगळं तुम्ही एका आशेवर करत आलात: पुरेसा चांगला वागलो, की एक दिवस ही माणसं मला माझ्या नावाने ओळखतील. सायकल गेली त्या दिवशी त्यांना तुमचं नाव आठवलं नाही. म्हणजे तुमच्या वागण्यात कुठे उणं पडलं, असं नाही. त्या मेसेजचा तुमच्या वागण्याशी संबंधच नव्हता.

तुम्ही म्हणता, लोकांशी ओळख वाढवायला मी मलिक अंबरची गोष्ट सांगतो. सांगा, गोष्ट चांगलीच आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कारभारी होतो, मुघलांना वर्षानुवर्षं दमवतो, १६१० मध्ये खडकी वसवतो, तीच पुढे औरंगाबाद होते, आणि शहराला पाणी पुरवायला नहर खोदून घेतो. पण दोन खोल्यांचं घर भाड्याने मिळावं म्हणून कुणाला आधी शहर वसवून दाखवावं लागू नये. विठ्ठल काळा आहे, हे सांगूनही कुणाला गप्प करता येत नाही. मी करून पाहिलं आहे.

आता जरा कान धरते. ग्रुपवर तुम्ही दिलेलं उत्तर मला पटलं नाही. 'मी नायजेरियन नाही' हे खरंच आहे. दार हिंदी महासागरावर, नायजेरियातलं लागोस पार पलीकडे अटलांटिकवर. पण त्या उत्तरातून असं निघतं, की नायजेरियन असता तर विचारणं रास्त होतं. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं, हे मला कळतं. माणूस अंगावर आलेलं झटकतो, तसं ते झटकलं गेलं. तरीही सांगते, कारण तुम्हीच पत्रात बंगळूरची आठवण काढली आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे एका सुदानी माणसाच्या गाडीखाली एक बाई गेली आणि थोड्या वेळाने त्याच रस्त्याने आलेल्या टांझानियाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला जमावाने मारलं, तिची गाडी जाळली. तिचा आणि अपघाताचा काडीचा संबंध नव्हता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ग्रेटर नोएडात एक मुलगा दगावला, अफवा उठली आणि नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये गाठून मारलं. अशा जमावाला पासपोर्ट दाखवून काय होणार? सायकलीच्या वेळी विचारायला हवं होतं ते एवढंच: "मलाच का विचारायचं?"

पत्नी म्हणते, लोक अडाणी आहेत. ती तुम्हाला धीर देते आहे, पण निदान मला पटत नाही. मेसेज लिहिणारा इंजिनीअर आहे, त्याचा मुलगा अमेरिकेत आहे, तो स्वतः तिकडे चार वेळा जाऊन आला आहे. उलट तुमच्या सासुरवाडीला कधी जिल्ह्याबाहेर न गेलेली म्हातारी 'तुमच्याकडं ज्वारी पिकती का?' असं तोंडावर विचारते, हे तुम्हीच लिहिलंत, आणि त्याचं तुम्हाला हसू आलं. अडाणी कोण, ते ठरवा.

मी स्वतः अडाणी नव्हते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमची वरची खोली भाड्याने द्यायची होती. दोन सुदानी मुलं आली. इस्त्रीचे शर्ट, हातात कॉलेजची कागदपत्रं. मी म्हटलं, 'खोली कालच दिली.' ती पुढे तीन महिने रिकामी होती. जाताना त्यातला एक जण फाटकाची कडी लावत थांबला. आमची कडी चमत्कारिक आहे, वर उचलून मग फिरवावी लागते. जमेपर्यंत तो प्रयत्न करत राहिला. मी पडद्याआडून बघत होते. मला त्यांची भीती वाटत नव्हती, त्यांच्याविषयी काही वाईट मतही नव्हतं. शेजारच्या वहिनी काय म्हणतील, एवढाच विचार होता. तुमच्या घरमालकाचंही बहुतेक तेच आहे. यातून तुम्हाला समाधान मिळावं असं नाही, पण असा माणूस कधी कधी वळवता येतो, हे मात्र आहे.

म्हणून आधी घराचं. तुमच्या सोसायटीत 'भाडेकरूला समितीची परवानगी लागते' असं सांगितलं जातं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, सदस्याने समितीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते, आणि घर भाड्याने दिल्याबद्दलचं गैररहिवासी शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तुमच्या घरमालकाला हे माहीत नसेल, तर पत्नीने शांतपणे सांगावं. दुसरी भीती पोलिसांच्या कागदांची. परदेशी पासपोर्ट असलेला माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची असते, ज्याला सगळे 'सी फॉर्म' म्हणतात. फॉर्म छोटा असतो, पण लोकांना ते पोलिसांचं लचांड वाटतं. 'मी लॅपटॉप घेऊन येतो, तुमच्या समोर बसून भरू' एवढं म्हटल्यावर काही जण सैलावतात. करार नोंदणीकृतच हवा. नोंदणी करणं महाराष्ट्रात घरमालकाची जबाबदारी आहे, आणि ती केली नाही तर वादाच्या वेळी कायदा आधी भाडेकरूचं म्हणणं धरतो. करारावर दोघांचीही नावं घाला. तुमचं नाव 'राहू दे' म्हणून वगळू नका.

हेही कडूच आहे, पण सांगायला हवं. वंशावरून भाड्याने घर नाकारणाऱ्या घरमालकावर थेट लावता येईल असा कायदा आपल्याकडे नाही. ईशान्येकडच्या मुलांवरच्या हल्ल्यांनंतर २०१४ मध्ये बेझबरुआ समितीने वांशिक शेरेबाजीसाठी वेगळी कलमं सुचवली होती. ती आली नाहीत. त्यामुळे घराच्या बाबतीत शहाणपण हेच, की नकार दारात ऐकण्याऐवजी फोनवर ऐकावा. पत्नीने पहिल्याच फोनवर म्हणावं, 'माझे मिस्टर टांझानियाचे आहेत, इथे तेरा वर्षं आहेत.' बरेच जण फोन ठेवतील. ठेवू द्या. जो ठेवणार नाही, त्याच्याकडे दोघं मिळून जा. तुम्ही खाली स्कूटरपाशी उभे आणि बायको वर हॉलची खिडकी बघते आहे, हे पुन्हा करू नका. आधी घर मिळवायचं, मग नवरा दाखवायचा, यात टोकन गेल्याची उदाहरणं माझ्याकडे दोन आहेत. शिवाय मुलगी सोबत असते. ती काय बघते?

(या सदराचे जे वाचक सोसायटीच्या समितीत आहेत, त्यांनी हे वाचून पान उलटू नये. ठराव न करता, नुसतं 'आपल्याकडे तसलं नको' असं वॉचमनकरवी कळवायची पद्धत तुमच्याकडेही असेल.)

आता त्या मेसेजचं. लगेच पोलीस चौकीत जा असं मी म्हणणार नाही, पण सोडूनही देऊ नका. त्या तीन शेजाऱ्यांपैकी जो त्यातल्या त्यात जवळचा, त्याच्याकडे जा. 'आभारी आहे' म्हणून परत येऊ नका, काम सांगा: 'रविवारी सेक्रेटरींकडे अर्ज द्यायला जाणार आहे, माझ्याबरोबर चला.' वाईट वाटलेल्या माणसाला काय करावं ते अनेकदा सुचत नाही, सांगितलं तर येतो. नाही आला, तर तेही कळेल. अर्ज मराठीत, अर्धं पान. कोणत्या तारखेला कोणी काय लिहिलं, सायकल कधी आणि कुठे सापडली, आणि मागणी एकच: तो मेसेज मागे घेतल्याची नोंद ग्रुपवर व्हावी. स्क्रीनशॉट जोडा. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच दिलेला कागद आपल्याकडे माणसाला जरा सावध करतो. त्यानंतरही काही घडलं, तर हाच कागद उपयोगी पडेल.

धमकी आली, कुणी हात उचलला, जमाव जमला, तर मात्र पोच-बिच विसरा. ११२ फिरवा. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. दिल्लीतल्या तुमच्या उच्चायुक्तालयाला त्याच दिवशी मेल करा. 'परदेशी माणसाला इथे कसले हक्क?' असं कुणी ठाण्यात म्हणालं तर घाबरू नका. राज्यघटनेतलं भेदभावाला मनाई करणारं पंधरावं कलम नागरिकांपुरतं आहे, पण समानतेचं चौदावं आणि जीविताच्या हक्काचं एकविसावं 'व्यक्ती'साठी आहेत. हावड्याला अत्याचार झालेल्या एका बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये जीविताचा हक्क परदेशी व्यक्तीलाही आहे, हे स्पष्ट केलं. तुमच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे, ते बरं झालं. ज्यांनी भारतीय माणसाशी लग्न केलं आहे आणि अजून दरवर्षी व्हिसा वाढवत बसले आहेत, त्यांच्यासाठी सांगते: नोंदणी झालेल्या लग्नाला दोन वर्षं झाली की अर्ज करता येतो. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे आपला पासपोर्ट सोडावा लागत नाही.

तुमची मुलगी मात्र इथे जन्मली, आई भारतीय, म्हणजे जन्माने भारतीय. तिला तर पंधरावं कलमही लागू आहे. पण बाथरूमच्या फरशीवर पावडरचे पांढरे ठसे उमटवणाऱ्या पोरीला कलमाचं काय?

त्या प्रसंगात तुम्ही शाळेकडे बोट दाखवलं आहे. 'रंग जातो का बघू' म्हणून वर्गातली मुलं तिचा हात घासतात, हे शिक्षकांना भेटून सांगायलाच हवं आणि दोघांनी जाऊन सांगायला हवं. पण पत्रात पुढे एक ओळ ओझरती आली आहे: सुट्टीत आजी तिला डाळीचं पीठ आणि दूध लावून आंघोळ घालते, 'जरा उजळेल' म्हणते. ती ओळ तुम्ही पटकन लिहून पुढे गेलात, कारण सासूबाईंची माया खरी आहे. आहेच. आपल्या घराघरांत हे झालं आहे, मलाही झालं आहे, माझ्या आईने मायेनेच मला सायीने घासलं होतं. पण पोरीच्या डोक्यात गणित तिथून सुरू झालं असणार: शाळेतली घासतात, आजीही घासते, म्हणजे जायला हवं असं काहीतरी अंगावर आहे. हे सासूबाईंशी तुम्ही बोलू नका. बोलायचं ते तुमच्या पत्नीने, आणि भांडून नव्हे. 'आई, उटणं दिवाळीला लावू, रंगासाठी नको. ती ऐकते.' एवढं पुरे. इथे 'मनावर घेऊ नकोस' हे तुमच्या पत्नीचं नेहमीचं वाक्य चालणार नाही. तुमच्या बाबतीत त्या ते म्हणतात, कारण तुम्हाला लागलेलं त्यांना सहन होत नाही. त्यांना एकदा सांगा, की तेव्हा मला उपाय नको असतो, तू नुसतं 'हो, झालं खरं वाईट' म्हण.

मुलीच्या केसांत कंगवा फिरत नाही म्हणून ते बारीक कापता, असंही लिहिलंत. तुमच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावा आणि वेण्या कशा घालायच्या ते शिकून घ्या. दोघांनीही शिका, तुम्हीसुद्धा. दोन-तीन तास लागतील. त्या वेळात तिला तुमची भाषा ऐकू येईल, जी तुम्ही घरात बोलत नाही, मराठी बिघडेल म्हणून. काही बिघडत नाही. मला स्वाहिली येत नाही, पण दारला राहून आलेल्या एका आप्तांनी शब्द सांगितले होते ते अजून लक्षात आहेत. दुकान म्हणजे डुका, गाडी म्हणजे गारी, साबणाला साबुनी, कारखान्याला काराकाना, हिशेबाला हेसाबु. आणि रंगाला रांगी. सात वर्षांच्या मुलीला हा खेळ महिनाभर पुरेल.

आता परत जाण्याचं. तो पर्याय मी उडवून लावणार नाही. भावाचा धंदा बरा असेल, आईवडील थकले असतील, समुद्राची आठवण येत असेल, तर जरूर जा. ती माघार नव्हे. फक्त कारण दारचं असू दे, बी विंगच्या पार्किंगचं नको. अपमानाच्या महिन्यात घेतलेला निर्णय तिकडे गेल्यावर बायकोच्या वाट्याला येतो. ती तिथे 'म्हिंदी', म्हणजे भारतीय बाई, होईल. लोक तिला दुकानाची मालकीण समजतील, भाव दुप्पट सांगतील, 'परत कधी जाणार?' विचारतील. आणि तिथल्या आपल्या लोकांच्या घरांत आफ्रिकी नोकरांशी कसं बोललं जातं, ते कानावर पडेल तेव्हा तुमच्याकडे बघायचं कसं, हा प्रश्न तिला पडेल. त्या आप्तांच्या घरचं थोडंफार मी ऐकून आहे, सगळं सांगण्याजोगं नाही. आधी एक मोठी सुट्टी तिकडे काढा, तिघांनी, पाहुण्यांसारखी नाही, तर बाजारहाट करत. मग बोला.

राहिला ता.क. चा प्रश्न. माझ्या मते तुमच्या पत्रातला तोच सगळ्यात सोपा आहे आणि तुम्ही तो उगाच सगळ्यात शेवटी ठेवलात. सातारा भागात 'पाव्हणं' हे परक्याला म्हणतात, तसंच सोयऱ्यालाही म्हणतात. पोरगी दिलेल्या घरची माणसं म्हणजे पाव्हणंच. तुमच्या सासऱ्यांनी लग्नाला यायचं टाळलं होतं, आता यात्रेत चारचौघांत 'आमचं पाव्हणं' म्हणतात. यातला 'आमचं' तुम्ही ऐकलाच नाहीत. तुम्ही मात्र त्यांना अजून 'सर' म्हणता. का, तर काय म्हणायचं ते कुणी सांगितलं नाही. त्या बाजूला सासऱ्यांना बहुतेक घरांत 'मामा' म्हणतात. पत्नीला एकदा विचारून घ्या, घरागणिक थोडं बदलतं. मग यंदाच्या यात्रेत ते देवळापाशी उभे असतील, तेव्हा मागून जाऊन 'मामा, चहा घेणार का?' म्हणून बघा. ते काय म्हणाले, ते मला कळवा.